शब्द टाकणाऱ्याची जबाबदारी

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही आणि तुमची जुनी सहकारी, दोघींनी मिळून घरदुरुस्तीच्या कामांसाठी एक अॅप सुरू केलं. नळ, वीज, सुतारकाम, रंगकाम, घरातल्या यंत्रांची दुरुस्ती. एकीकडे कारागीर, दुसरीकडे ग्राहक, मध्ये तुम्ही. वर्ष होत आलं. नोंदलेले कारागीर तीनशेच्या वर गेले, पण एकदा बुकिंग केलेला ग्राहक सहसा परत येत नाही. जो येत नाही तो बहुधा त्याच कारागिराला थेट फोन करतो, हेही तुमच्या कानावर आलंय. सगळ्यांच्या नावापुढे पाच तारे झळकतात आणि ग्राहक म्हणतात, यावर काय विश्वास ठेवायचा. तुमचा सगळ्यात जास्त काम आणणारा जो कारागीर, त्याच्यावर एक ताऱ्याचा रिव्ह्यू आला आहे आणि मैत्रीण म्हणते, काढून टाकू. शिवाय प्रोफाइलवर 'व्हेरिफाइड'चा शिक्का लावायचा तुमचा विचार आहे.

आणि या सगळ्याच्या मधोमध, जाता जाता सांगितल्यासारखी एक घटना. एका बाईंकडे वॉशिंग मशीन दुरुस्तीला गेलेल्या कारागिराने पाइप नीट बसवला नाही. रात्रभर पाणी गळलं, खोलीची लाकडी फरशी फुगली. त्यांनी तुमच्याकडे दाद मागितली. तुमच्याकडून उत्तर गेलं, 'आम्ही फक्त माध्यम आहोत, कृपया कारागिराशी थेट बोला.' त्या भांडल्या नाहीत. अॅप काढून टाकलं. पुढे त्यांच्या इमारतीतून एकही बुकिंग आलं नाही.

तुम्ही विचारलंय, 'लोकांचा विश्वास बसावा म्हणून अॅपमध्ये नेमकं काय लावू?' मी उत्तराची सुरुवात त्या फरशीपासून करते, कारण तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांची मुळं तिच्याखाली आहेत असं मला वाटतं.

घरात काम निघालं की माणूस आधी काय करतो? शेजारी, नातेवाईक, बरोबर काम करणारे, यांना विचारतो, 'ओळखीचा कुणी चांगला आहे का?' कुणीतरी नाव सुचवतं. आता त्या माणसाने काम बिघडवलं तर पहिला फोन कुणाला जातो? नाव सुचवणाऱ्याला. 'तुझ्या सांगण्यावरून बोलावलं होतं.' सुचवणारा ओशाळतो, कारागिराला फोन लावतो, 'माझी लाज ठेव, जाऊन नीट करून ये' म्हणतो, आणि कारागीर जातोही, कारण पुढची दहा कामं याच्याच शब्दावर मिळणार असतात. विश्वास म्हणतात तो एवढाच आहे. कुणीतरी शब्द टाकलेला असतो आणि तो मोडला तर त्याला झळ बसते.

तुमच्या अॅपने या शब्द टाकणाऱ्याची जागा घेतली. जागा घेतली, कमिशनही घेतलं, झळ मात्र घेतली नाही. 'आम्ही फक्त माध्यम' हे वाक्य करारनाम्यात कुठेतरी बसत असेल. ज्या बाईंच्या घरात पाणी शिरलंय त्यांना त्यातून एवढंच कळतं, की या लोकांनी ज्याला माझ्या दारात पाठवलं त्याच्याशी आता यांचा काही संबंध नाही.

हे तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या लोकांच्या हातूनही झालेलं आहे. २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बाईंचं घर एअरबीएनबीवरून, म्हणजे आपलं घर थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या सेवेवरून, आलेल्या पाहुण्याने उद्ध्वस्त केलं, चीजवस्तू चोरल्या. कंपनीचं वागणं त्या बाईंना इतकं लागलं की त्यांनी लिहिलेली हकीकत जगभर पोचली. काही आठवड्यांनी सहसंस्थापक ब्रायन चेस्की यांनी जाहीर माफी मागितली, यजमानांच्या नुकसानीसाठी ५० हजार डॉलरपर्यंतची हमी जाहीर केली आणि चोवीस तास चालणारी मदतीची फोनसेवा सुरू केली. पुढच्या वर्षी ती हमी १० लाख डॉलरवर गेली. अनोळखी माणसाला आपल्या घरात झोपू द्यायला लोक तयार होतात यामागे छान फोटोंचा वाटा आहेच, पण 'बिघडलं तर कोण भरेल' या प्रश्नाला तिथे उत्तर आहे, हा वाटा मला जास्त मोठा वाटतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठून आणायचे एवढे पैसे. आणायचे नाहीत, कामाकामातून बाजूला काढायचे. समजा दोनशे कामांतलं एक काम भरपाई देण्याइतकं बिघडतं, आणि तेव्हा सरासरी त्या कामाच्या रकमेच्या आठपट द्यावी लागते. आठ भागिले दोनशे म्हणजे प्रत्येक कामाच्या रकमेतले चार टक्के. तुमचे खरे आकडे तुमच्या तक्रारींच्या वहीतच सापडतील, तेच धरा. एवढे टक्के कमिशनमधून आधीच वेगळ्या खात्यात टाकत जा आणि त्याला हात लावू नका. सुरुवातीला एकच मोठी तक्रार हे खातं रिकामं करू शकते, म्हणून हमीला कमाल मर्यादा ठेवा आणि जमेल तेव्हा विमा घ्या. मर्यादा ठेवण्यात कमीपणा नाही. किती रकमेपर्यंत, किती दिवसांत कळवायचं, कशाचं मिळेल आणि कशाचं नाही, हे बुकिंगच्या पानावर चार साध्या वाक्यांत असलं की झालं. कारागिराला काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर फोटो काढायची सवय लावा. ग्राहकाचं खरं नुकसान त्यातून सिद्ध होतं आणि आधीच तडकलेली फरशी कारागिराच्या गळ्यात पडत नाही.

पैसे मध्ये धरून ठेवण्याबद्दलही लगेच सांगून टाकते. २००३ साली चीनमध्ये ताओबाओ ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली तेव्हा घेणारा म्हणे आधी माल, विकणारा म्हणे आधी पैसे. अलिपे ही पैसे देण्याघेण्याची सेवा त्यातूनच जन्माला आली. घेणाऱ्याने पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे, माल मिळाल्याचं त्याने सांगितलं की ते विकणाऱ्याला जायचे. तुम्हीही असंच करा, पण दोन गोष्टी सांभाळून. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या खात्यात धरून ठेवायला बहुतेक देशांत परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक पेमेंट कंपनीमार्फतच हे करा. दुसरं, ग्राहकाने 'काम झालं' हे बटण दाबायची वाट बघत कारागिराला ताटकळत ठेवू नका. चोवीस तासांत तक्रार आली नाही तर पैसे आपोआप सुटले पाहिजेत. हातावर पोट असणाऱ्याचे चार दिवस पैसे अडकले तर तो पुढच्या वेळी ग्राहकाला हळूच म्हणणार, 'अॅपवर नको, मला थेट द्या.'

आता शिक्क्याकडे येते.

'व्हेरिफाइड' म्हणजे काय तपासलं? तुमच्या पत्रावरून दिसतं की ओळखपत्राची प्रत घेता आणि फोन नंबर खरा आहे ना ते बघता. ते केलंच पाहिजे. पण त्यातून हा माणूस कोण आहे ते कळतं, त्याला काम येतं का ते कळत नाही. शिक्का बघणारा ग्राहक मात्र दुसराच अर्थ घेतो, आणि त्या गैरसमजावर धंदा करणं मला मान्य नाही. म्हणून शिक्क्याऐवजी वाक्य लिहा. 'ओळखपत्र अमुक महिन्यात तपासलं.' 'आमच्या तंत्रज्ञासमोर प्रात्यक्षिक दिलं.' 'आधीच्या दोन ग्राहकांशी आम्ही बोललो.' जे केलं तेवढंच लिहायचं, आणि जे केलेलं नाही त्याची जागा रिकामी दिसली तरी चालेल. आणखी एक, एकाने नोंदणी करायची आणि कामाला भलत्यालाच पाठवायचं हे या धंद्यात सर्रास होतं. दारात उभा असलेला माणूस आणि अॅपमधला चेहरा एकच आहे ना, हे काम सुरू होताना एका ताज्या फोटोने तपासता येतं.

ग्राहकाचीही ओळख तपासा. हे तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि ते मला खटकलं. अनोळखी घरात एकटं जाणारा कारागीर, त्यातून ती बाई असेल तर, ग्राहकाइतकाच धोका पत्करत असते. त्या घरी आधी गेलेल्या कारागिरांना काय अनुभव आला ते तिला दिसलं पाहिजे, 'मला इथे सुरक्षित वाटत नाही' म्हणून काम सोडून निघता आलं पाहिजे आणि त्यासाठी तिचं रेटिंग कापलं जाता कामा नये.

काम येतं का हे तपासणं का अवघड आहे, यावर जरा थांबते, कारण बाजारपेठ उभारणारे बरेच जण इथेच घाई करतात. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक गोष्ट दाखवली. विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा चांगल्या-वाईटाच्या मधला कुठला तरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, उरतात त्यात खोट असलेल्याच जास्त, आणि भाव आणखी पडतो. या कामासाठी त्यांना २००१ साली आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या तीनशे कारागिरांपैकी खरे कसबी हळूहळू गळत असतील, तर त्याचं कारण हे असू शकतं. नीट काम करणारा आणि उरकून टाकणारा, दोघं तुमच्या यादीत सारखेच दिसतात आणि सारख्याच भावात जातात. नवे कारागीर आणून हे सुटणार नाही. फरक दिसला पाहिजे.

फरक दाखवायला रेटिंग आहेच की, असं वाटेल. पण अर्थशास्त्रात वस्तू आणि सेवांचे तीन प्रकार सांगतात. काहींचा दर्जा घेण्याआधी बघून कळतो. काहींचा वापरल्यावर कळतो. आणि काहींचा वापरूनही कळत नाही, हा तिसरा प्रकार १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी मांडला. दुरुस्तीची कामं नेमकी या तिसऱ्यात येतात. कारागीर वेळेवर आला, नम्र बोलला, कचरा उचलून गेला, दिवा लागला. ग्राहक पाच तारे देतो, आणि ते प्रामाणिकपणे देतो. भिंतीच्या आत जोड कसा दिलाय, सुटा भाग खरंच बदलायला हवा होता की उगाच बदलला, हे त्याला कसं कळणार? तुमच्या बाईंच्या पाइपचं तसंच झालं. त्या संध्याकाळी रेटिंग विचारलं असतंत तर त्यांनीही पाच तारे दिले असते.

म्हणून वागणुकीचा न्याय ग्राहकाला करू द्या आणि कारागिरीची तपासणी स्वतः करा. एक अनुभवी, निवृत्तीला आलेला वीजतंत्री आणि एक नळकामातला जाणकार, दोघांना ठरावीक मोबदल्यावर घ्या. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून काही कामं निवडायची, ग्राहकाच्या परवानगीने जाऊन बघायची. नव्या कारागिराची पहिली पाच कामं तर बघायचीच. आपलं काम कधीही तपासलं जाऊ शकतं हे माहीत असलं की न तपासलेली कामंही सुधारतात. खर्च आहे, हो. तुमच्या पत्रात जाहिरातीवर जेवढा खर्च लिहिलाय, त्यातला अर्धा इकडे वळवा.

आता तारे. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या बाजारपेठेने १९९६ साली खरेदीदार आणि विक्रेते एकमेकांविषयी अभिप्राय देतील अशी सोय केली आणि आजच्या सगळ्या तारांकनाची ती आजी म्हणायला हरकत नाही. तिथेही थोड्याच काळात दिसलं की आलेले अभिप्राय जवळजवळ सगळेच चांगले, ९९ टक्क्यांच्या वर. कारण माणसाला माणसाची भीड असते, आणि वाईट लिहिलं तर समोरचाही वाईट लिहील ही भीतीही असते. २००८ साली ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी वाईट अभिप्राय देण्याची मुभाच काढून घेतली. एअरबीएनबीने २०१४ पासून दुसरा मार्ग धरला. दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कुणालाच कुणाचं दिसत नाही. आधीच्या कारागिरांचा अनुभव दिसायला हवा असं मी वर म्हटलं, म्हणजे तुमच्याकडे रेटिंग दोन्ही बाजूंना हवं, तेव्हा हा दुसरा मार्ग तुमच्यासाठी बरा.

ताऱ्यांऐवजी प्रश्न विचारून बघा. 'सांगितलेल्या वेळी आले का?' 'आधी ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त मागितलं का?' 'यांना पुन्हा बोलवाल का?' शेवटच्या प्रश्नाला 'नाही' म्हणताना ग्राहकाला आपण कुणाचं नुकसान करतोय असं वाटत नाही, तो फक्त स्वतःबद्दल बोलत असतो, म्हणून खरं बोलतो. हाच प्रश्न पुन्हा दीड-दोन महिन्यांनी पाठवा. दुरुस्ती टिकली का ते तेव्हाच कळतं.

आणि जे गप्प राहतात त्यांच्याकडे लक्ष द्या. क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी ईबेच्या व्यवहारांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की ज्या विक्रेत्यांच्या बाबतीत जास्त ग्राहक काहीच न लिहिता निघून जातात, त्यांच्याकडचा अनुभव बऱ्याचदा खराब असतो. असा अनुभव आलेला ग्राहक ईबेवर परत येण्याची शक्यताही कमी होते. फरशीवाल्या बाई आठवा. त्याही काही न लिहिताच गेल्या. पन्नास कामांपैकी चाळीस ग्राहक बोलले असा कारागीर आणि पन्नासपैकी दहाच बोलले असा कारागीर, दोघांचे तारे सारखे असले तरी पहिल्याला वर ठेवा.

क्रम लावताना एक छोटं गणितही करा. एकच काम करून एकच पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू मिळवलेला नवखा, दोनशे कामांत ४.८ टिकवणाऱ्याच्या वर दिसत असेल तर ते चुकीचं आहे. प्रत्येकाच्या खात्यात सरासरीइतके, समजा ४.४ चे, दहा काल्पनिक रिव्ह्यू आधीच टाका. नवख्याचे मग ४.४५ होतात आणि जुन्याचे ४.७८. जसजशी खरी कामं वाढतील तसतसं त्या काल्पनिक दहांचं वजन आपोआप उतरत जातं. नवख्यावर अन्याय होत नाही आणि जुन्याची मेहनत झाकली जात नाही.

मग तो एक तारा. ग्राहकाने लिहिलंय की तीन तास उशिरा आले आणि वर जास्तीचे पैसे मागितले. तुम्ही कारागिराला विचारलंत, तो म्हणाला उशीर झाला हे खरं. मग काढायचा कशासाठी? कारागिराला त्याखाली स्वतःची बाजू लिहू द्या. चारशे चांगल्या अभिप्रायांत एक वाईट असला तर त्याचं काही बिघडत नाही, उलट बाकीचे चारशे खरे वाटायला लागतात. मैत्रिणीला हेही सांगा की वाईट रिव्ह्यू दडपून उरलेल्यांनाच 'सगळे रिव्ह्यू' म्हणून दाखवणं आता काही ठिकाणी कायद्याच्या कचाट्यात येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा असा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे आणि विकत घेतलेले खोटे रिव्ह्यूही त्यातच येतात. कोणते रिव्ह्यू काढाल हे आजच लिहून ठेवा: ज्याने बुकिंगच केलं नाही त्याचा, शिवीगाळ किंवा धमकी असलेला, कुणाची खाजगी माहिती उघड करणारा. बाकी कुठलाच नाही, कारागीर कितीही कमावून देत असो. हा नियम तुमच्या सर्वांत मोठ्या कारागिराला लावलात तरच तो नियम आहे.

परस्पर जुळणाऱ्या व्यवहारांबद्दल तुम्ही फार चिडून लिहिलंय. फोन नंबर लपवू, चॅटमधले आकडे पुसू, पकडलं तर दंड करू. सुरुवातीला नंबर झाकणं सुरक्षिततेसाठीही बरं, ते करा. दंड मात्र करू नका. ग्राहकाला चांगला माणूस मिळाला आणि त्याला पुन्हा त्यालाच बोलवावंसं वाटलं, याहून तुमच्या कामाची मोठी पावती नाही. तुम्हाला प्रश्न असा पडायला हवा की दुसऱ्या वेळी आपण त्या दोघांच्या काय उपयोगी पडतो. शंभराच्या कामातले वीस तुम्ही दरवेळी घेता. पहिल्या वेळी त्या विसाच्या बदल्यात तुम्ही माणूस शोधून दिलात. दुसऱ्या वेळी काय दिलंत?

स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना ऑनलाइन ग्राहक मिळवून देणाऱ्या अपवर्क या कंपनीने २०१६ साली याला एक समंजस उत्तर काढलं होतं. एका ग्राहकाकडून पहिल्या ५०० डॉलरच्या कामापर्यंत २० टक्के, त्यापुढे १० हजारांपर्यंत १० टक्के, त्याच्याही पुढे ५ टक्के. नातं जुनं होईल तसा मध्यस्थाचा वाटा कमी. पुढे त्यांनी ही पद्धत बदलली, तरी तुमच्यासारख्या नव्या अॅपला ती शिकण्यासारखी आहे. पुन्हा त्याच कारागिराला बोलावलं तर पाच टक्के घ्या, आणि त्या पाचात हमी द्या, कामाची पावती द्या, कोणता भाग कधी बदलला याची नोंद ठेवा, कारागीर आजारी पडला तर तितकाच चांगला दुसरा पाठवा. कारागिराला त्याच्या कामांचा इतिहास द्या, जो दाखवून तो कुठेही काम मिळवू शकेल. या सगळ्यासाठी पाच टक्के लोक राजीखुशीने देतात. उलट टोकाचं उदाहरण होमजॉयचं. अमेरिकेतली ही घरसफाईची कंपनी जुलै २०१५ मध्ये बंद झाली. तिच्या संस्थापिकेने कारण सांगितलं ते सफाई कामगारांना नोकर मानायचं की स्वतंत्र, यावरच्या खटल्यांचं. बातम्यांतून पुढे आलं ते असं, की मोठ्या सवलती देऊन आणलेले ग्राहक टिकत नव्हते आणि जे खूश होते ते सफाई करणाऱ्यांशी परस्पर ठरवत होते.

दर आठवड्याला तोच माणूस येतो अशी कामं अॅपवर फार काळ राहत नाहीत, हे स्वीकारा. त्यांच्यासाठी जोडून देण्याचं एकरकमी शुल्क घ्या आणि मोकळे व्हा. अचानक उपटणारी, दरवेळी वेगळ्या कसबाची कामं ही तुमची खरी जमीन आहे.

खटल्यांवरून आठवलं, वकिलाशी बोला. भाव तुम्ही ठरवता, गणवेश तुमचा, वेळा तुमच्या, काम नाकारलं तर शिक्षा तुमची, असं होत गेलं की कायदा त्या माणसाला 'स्वतंत्र' मानेलच असं नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांच्या बाबतीत असाच निकाल दिला. जितका ताबा घ्याल तितकी जबाबदारी येते, आणि ते न्याय्यच आहे.

कारागिरांविषयी तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, 'वाईट रेटिंगवाल्यांना सिस्टिम आपोआप बंद करते.' ती वाचून मला माझे जुने दिवस आठवले. मी काही वर्षं अशाच एका सेवेच्या मदत विभागात फोन घ्यायचे. एका वीजतंत्र्याचं खातं असंच आपोआप बंद झालं. एका ग्राहकाने दुसऱ्याच कारागिराचा राग याच्या नावावर काढला होता आणि सरासरी मर्यादेच्या किंचित खाली गेली. चार दिवस तो रोज फोन करत होता. चूक माझ्या समोरच्या स्क्रीनवर स्पष्ट दिसत होती, पण खातं उघडायचं बटण आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं आणि ज्यांच्याकडे होतं ते कारागिरांचे फोन घेत नव्हते. पाचव्या दिवशी तो जुन्या पावत्यांची फाइल घेऊन दारात येऊन उभा राहिला. त्याला आत घेतलं नाही. मी खिडकीतून बघत होते. आज इतक्या वर्षांनीही मला ती फाइल दिसते.

तुमचं अॅप असं होऊ देऊ नका. युरोपीय संघात जुलै २०२० पासून लागू असलेल्या एका कायद्यानुसार बाजारपेठेने व्यावसायिकाचं खातं थांबवताना कारण लेखी द्यावं लागतं, यादीत वर-खाली कशावरून ठरतं ते सांगावं लागतं, आणि मोठ्या बाजारपेठांना तक्रारीची आतली सोयही ठेवावी लागते. तुम्हाला तो लागू असो नसो, यातलं प्रत्येक कलम उचलण्यासारखं आहे. खातं बंद करण्याआधी एका माणसाने, यंत्राने नव्हे, ती शेवटची पाच कामं वाचावीत आणि कारागिराशी बोलावं. तीनशे जणांत हे सहज जमतं.

खरं तर तीनशेही ठेवू नका. यातले प्रत्यक्ष काम घेणारे साठेक आहेत असं तुम्हीच लिहिलंय. जो फोन उचलत नाही त्याचं नाव यादीत असणं म्हणजे ग्राहकाला दिलेला खोटा शब्द. बाकीच्यांना एकदा विचारा, उत्तर आलं नाही तर नावं उतरवा. मैत्रिणीला लगेच नव्या शहरांत जायचंय, तिची घाई मला समजते, पण तपासणीला जाणारे तुमचे दोन जाणकार जिथवर पोचतात तिथवरच सध्या तुमची हद्द असू द्या. आणि पाचांऐवजी दोनच प्रकारची कामं धरा, नळ आणि वीज.

राहिल्या फरशीवाल्या बाई. महिना उलटला आहे, तरी फोन करा. मदत विभागाकडून नको, तुम्ही स्वतः करा. 'आम्ही माध्यम आहोत असं उत्तर आमच्याकडून गेलं, ते चुकीचं होतं. त्या माणसाला आम्ही पाठवलं होतं. फरशीच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही देतो, बिल असेल तर पाठवा, नसेल तर आमचा सुतार येऊन अंदाज घेईल.' त्याबदल्यात अॅप परत घ्या म्हणू नका, रिव्ह्यू मागू नका. कदाचित त्या रागावतील, ऐकून घ्या. त्याआधी त्या कारागिरालाही बोलावून विचारा की पाइपचं नेमकं काय झालं. त्याला कुणी एकदाही विचारलेलं नसावं अशी मला शंका आहे. त्याच्या हातून घाईत चूक झाली असेल तर त्या दिवशी तुम्ही त्याला किती कामं लागोपाठ दिली होती तेही बघा.

फोन झाला की काय झालं ते मला कळवा.